भिंगापुढचे मूल, भिंगामागचे मूल

फोटो काढला म्हणून माणसाचा जीव गेला असे कुणी सांगितले, तर आपला त्यावर सहसा विश्वास बसणार नाही. परंतु २० सप्टेंबर १९६७ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्याच्या पूर्व भागात, लेचर काउंटीतील जेरेमाया नावाच्या वस्तीत तसे घडले. ह्यू ओकॉनर नावाचा कॅनडाचा एक चित्रपटकार आपल्या सोबत्यांसह तेथे आला होता. पुढच्या वर्षी टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे भरणाऱ्या जागतिक प्रदर्शनासाठी अमेरिकेच्या लोकजीवनावर एक चित्रपट तयार होत होता. भाड्याच्या एका घराच्या ओसरीवर, खाणीतून नुकताच परतलेला, कोळशाने माखलेला एक कामगार बसला होता. त्याची परवानगी घेऊन चित्रण चालले होते. इतक्यात घराचा मालक होबार्ट आयसन मोटारीने तेथे आला, माझ्या जागेतून चालते व्हा म्हणून ओरडला, आणि मंडळी सामान उचलून निघाली असतानाच त्याने पिस्तूल झाडले. ओकॉनर तेथेच कोसळला तो पुन्हा उठला नाही.

पुढे खटला झाला. शेजारच्या हार्लन गावी चाललेल्या पहिल्या सुनावणीत ज्यूरीचे एकमत झाले नाही. १९६९ साली आयसनने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला, त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि वर्षभराने तो सुटून घरी आला. आश्चर्य ह्याचे, की खून करणाऱ्या ह्या म्हाताऱ्याविषयी गावात घृणा नव्हती. उलट पुष्कळांना त्याची कणव होती. कॅमेरे घेऊन येणाऱ्या लोकांचा त्यांना उबग आला होता.

आमच्याकडे जुन्या पिढीतील म्हातारी माणसे फोटो काढला की आयुष्य कमी होते असे म्हणत, आणि शिकलेली नातवंडे त्यांना हसत. आम्हीही हसलो आहोत. परंतु जेरेमायाची हकीकत वाचल्यानंतर ते हसू जरा आवरते घ्यावेसे वाटते. फोटोने आपले काहीतरी कुणीतरी घेऊन जाते, ही त्या म्हाताऱ्या माणसांची शंका अगदीच खुळी नव्हती. काय नेले जाते, एवढेच त्यांना नेमके सांगता येत नव्हते.

आजचा आमचा विषय हा खून नव्हे. त्याच लेचर काउंटीत आठ वर्षांनी एक तरुण बाई आली. तिच्याजवळही कॅमेरे होते. पण ते तिने खेडवळ शाळांतील मुलांच्या हाती दिले आणि सांगितले, की तुमचे घर, तुमची माणसे, तुमची जनावरे आणि तुमची स्वप्ने तुम्हीच टिपा. ज्या मुलखात कॅमेरा ही शिवी झाली होती, तेथे तो मुलांच्या हाती वही-पेन्सिलीसारखा कसा आला, आणि तेवढ्याने तो जुना प्रश्न सुटला काय, हे आम्हांला आज पाहावयाचे आहे.

प्रथम त्या मुलखाविषयी थोडे सांगितले पाहिजे. ॲपलेशियाच्या डोंगरांत कोळसा सापडला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कंपन्यांचे दलाल दऱ्याखोऱ्यांतून हिंडू लागले. शेतकऱ्याची जमीन ते विकत घेत नसत. जमिनीखाली जे काही असेल त्याचा हक्क तेवढा अगदी थोड्या पैशांत लिहून घेत. कित्येकांना वाचता येत नव्हते. त्यांनी कागदावर फुली मारली. खताची भाषा अशी, की माल काढण्यासाठी जे करणे जरूर पडेल ते करण्याची मुभा कंपनीला राहावी. पुढे प्रचंड यंत्रे आली आणि कांद्याची साल काढावी तसा डोंगर वरूनच सोलून कोळसा काढता येऊ लागला, तेव्हा आजोबांच्या त्या फुलीचा अर्थ नातवांना कळला. शेत गेले, झरा गढूळ झाला, आणि न्यायालये खताकडे बोट दाखवू लागली. ह्या प्रकाराला राज्याच्या घटनेत दुरुस्ती करून आळा घालायला १९८८ साल उजाडावे लागले. लेचर काउंटीचे मुख्य ठिकाण व्हाइट्सबर्ग. तेथील वकील हॅरी कॉडिल ह्यांनी ही सारी कहाणी १९६३ साली एका पुस्तकात मांडली, आणि देशाचे लक्ष इकडे वळले.

लक्ष वळले म्हणजे कॅमेरे आले. १९६४ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्याच डोंगराळ भागातील आयनेझ ह्या गावी एका गरीब कुटुंबाच्या ओसरीवर जाऊन बसले आणि दारिद्र्याविरुद्ध पुकारलेल्या युद्धाचे छायाचित्र देशभर झळकले. मग वृत्तपत्रे आली, दूरचित्रवाणीवाले आले. अनवाणी पोर, मोडकी ओसरी, दात पडलेली आजी, ह्यांचे फोटो निघाले. ते खोटे नव्हते, आणि काढणाऱ्यांपैकी पुष्कळांचा हेतूही चांगला होता. पण त्याच घरात ग्रंथ होता, वाद्य होते, पाहुण्यासाठी राखून ठेवलेली रजई होती, ते त्या चित्रांत येईना. माणूस गरीब होता हे खरे. तो फक्त गरीब होता असे चित्र सांगू लागले. आयसनच्या पिस्तुलाच्या मागे हे सारे साचलेले होते. त्याने जे केले त्याचे समर्थन होऊ शकत नाही, आणि आम्ही ते करीत नाही. पण लाज म्हणजे काय चीज आहे ते त्यातून उमगते.

आपल्या श्रोत्यांना ही गोष्ट दूरदेशची वाटू नये म्हणून थोडे घरी वळतो. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, म्हणजे फोटोची विद्या जगात जाहीर होऊन पुरती पंधरा वर्षेच झाली होती. आपल्या माणसांनीही ती चटकन उचलली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातील नाणावलेले छायाचित्रकार. परंतु सरकारच्या मनात भिंगाचा वेगळा उपयोग होता. विल्यम जॉन्सन ह्याने १८६३ पासून मुंबईतील जातिजमातींच्या चित्रांचे खंड काढले. त्यानंतर १८६८ ते १८७५ ह्या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' ह्या नावाचे आठ खंड निघाले. त्यांत साडेचारशेहून अधिक फोटो आहेत. पान उलटावे तो एक जात, आणखी उलटावे तो दुसरी. आणि खाली मजकूर, की ही जात कष्टाळू आहे, ही लबाड आहे, हिच्यावर विश्वास ठेवू नये. भिंगापुढे उभ्या असलेल्या माणसाला तो मजकूर कुणी वाचून दाखवला असेल असे आम्हांला वाटत नाही.

त्याच सुमारास पुण्यात एक वेगळी गोष्ट घडली होती. मुक्ता साळवे ही जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातील मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात दोन हप्त्यांनी छापून आला. तिच्या लोकांविषयी साहेबांनी लिहिले होते, शास्त्र्यांनी लिहिले होते. आता त्या वस्तीतले एक शाळकरी मूल स्वतः लिहीत होते. साधन कॅमेऱ्याचे नव्हते, टाकाचे होते. पण आम्ही ज्याविषयी बोलत आहो त्या गोष्टीचे मूळ शोधू लागलो, तर आम्हांला केंटकीपेक्षा ती पुण्याची शाळा आधी आठवते.

लेखणी मुलाच्या हाती लवकर आली, कॅमेरा मात्र फार उशिरा आला, कारण तो महाग होता आणि अवजड होता. ती अडचण ईस्टमनच्या कोडॅक कंपनीने दूर केली. १९०० च्या फेब्रुवारीत तिने 'ब्राउनी' नावाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा बाजारात आणला. किंमत एक डॉलर. नाव घेतले होते ते त्या वेळी मुलांत लोकप्रिय असलेल्या चित्रकथांतील बुटक्यांवरून, आणि जाहिरातीही मुलांनाच उद्देशून होत्या. १९६३ साली त्याच कंपनीचा 'इन्स्टामॅटिक' आला. त्यात फिल्म भरण्याची खटपट नव्हती, बंद डबी आत ठेवली की काम झाले. मुलाने कॅमेरा वापरावा ही कल्पना, अशा रीतीने, शिक्षकाच्या आधी व्यापाऱ्याला सुचली. पण त्या व्यापाऱ्याला अभिप्रेत असलेले मूल सहलीला जाणारे, वाढदिवस साजरा करणारे होते. खाणकामगाराच्या मुलाने आपली ओसरी टिपावी ही त्याची अपेक्षा नव्हती.

आता ज्या बाईंचा उल्लेख केला त्यांच्याकडे वळू. वेंडी यूअल्ड ह्यांचा जन्म १९५१ चा, डेट्रॉइट शहरातला. १९६९ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या कॅनडाच्या लॅब्राडोर भागात इन्नू ह्या आदिवासी लोकांच्या वस्तीत मुलांबरोबर काम करण्यास गेल्या. बरोबर पोलरॉइड कॅमेरे होते, म्हणजे ज्यांतून चित्र जागच्या जागी बाहेर पडते ते. त्यांनी स्वतः त्या वस्तीचे फोटो काढले आणि मुलांनीही काढले. दोन्ही शेजारी ठेवल्यावर बाईंना दिसले, की आपले फोटो नीटनेटके आहेत, पण मुलांच्या फोटोंत काही अधिक आहे. स्वतःची कला शिकणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीने हे कबूल करावे, ह्यात आम्हांला तिच्या पुढच्या साऱ्या कामाची किल्ली दिसते.

१९७५ साली त्या लेचर काउंटीत राहावयास आल्या. व्हाइट्सबर्ग येथे १९६९ पासून ॲपलशॉप नावाची संस्था चालू होती. दारिद्र्यनिर्मूलनाच्या सरकारी पैशातून डोंगरी तरुणांना चित्रपटाचे तंत्र शिकवावे, म्हणजे त्यांना शहरात नोकऱ्या मिळतील, असा तिचा मूळ हेतू. तरुण तंत्र शिकले, पण पुष्कळांनी शहराची वाट धरलीच नाही. ते तेथेच राहून आपल्याच मुलखाचे चित्रपट काढू लागले. यूअल्डबाईंना ह्या संस्थेचा आधार मिळाला, आणि त्या कावन, किंगडम कम, कॅम्बेल्स ब्रँच अशा डोंगरकपारीच्या लहान शाळांत फोटोची विद्या शिकवू लागल्या. सहा ते चौदा वर्षांची मुले. १९८२ पर्यंत हे काम चालले.

त्यांची शिकवण्याची रीत जरा बारकाईने पाहण्याजोगी आहे. कॅमेरे फुकट वाटले गेले नाहीत. मुलांनी किरकोळ कामे करून, घरी केलेले खाण्याचे जिन्नस विकून पैसे जमवावेत आणि इन्स्टामॅटिक आपल्या मालकीचा करावा, असा दंडक होता. कॅमेरा शाळेचा असता, तर मुलाने शाळेला आवडेल असे चित्र काढले असते. तो आपला म्हटल्यावर काय टिपायचे हेही आपलेच ठरते. दुसरे असे, की फोटो काढून मुले तो धुवायला कुठे टाकीत नसत. काळोखात फिल्म धुणे आणि तांबड्या दिव्याखाली उभे राहून कागदावर प्रत उतरवणे ही सगळी कामे त्यांनी स्वतः केली. ज्यांनी हे कधी केले आहे त्यांना ठाऊक आहे, की पाण्यासारख्या द्रवात पांढरा कागद बुडवला असता आधी एक करडी सावली उमटते, मग डोळे, मग सारा चेहरा वर येतो. ते पाहिलेले मूल त्या माणसाला पुन्हा पहिल्या नजरेने पाहत नसावे.

आणि तिसरी गोष्ट, जी आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. बाई मुलांना विषय देत. स्वतःचे चित्र, कुटुंबाचे चित्र, जनावरांचे चित्र आणि स्वप्नाचे चित्र. चित्रांच्या जोडीला लिहिणे असे, बोलणे असे. घरची माणसे टिपायची म्हणजे कोण कुठे बसते, आजीचे हात कोणत्या कामात असतात, बाप खाणीवरून आल्यावर प्रथम काय करतो, ह्याचा विचार मुलाच्या डोक्यात आधी होई. आपल्या शाळांत 'माझे घर' ह्या विषयावर निबंध असतो, आणि साऱ्या वर्गाचे घर एकच असते. दारात तुळशीवृंदावन, आई प्रेमळ, वडील शिस्तप्रिय. त्या निबंधाला फोटो जोडण्याची सक्ती केली तर काय होईल, असा एक खोडकर विचार आमच्या मनात येऊन जातो.

ह्या मुलांचे आयुष्य सुखाचे होते असे कुणी समजू नये. १९७६ च्या मार्चमध्ये ह्याच काउंटीतील स्कोशिया खाणीत ९ तारखेला स्फोट होऊन १५ कामगार मेले, आणि दोन दिवसांनी, त्याच खाणीत माणसे उतरली असता, दुसरा स्फोट होऊन आणखी ११ दगावले. शाळेतल्या मुलांचे बाप, काका, शेजारी खाणीत जाणारे. मृत्यू ही त्यांच्या घरची माहितीची गोष्ट होती.

तेव्हा त्यांच्या चित्रांत काय दिसते? १९८५ साली त्यांचे 'पोर्ट्रेट्स अँड ड्रीम्स' ह्या नावाने पुस्तक निघाले. त्यातील एक फोटो आम्ही विसरू शकत नाही. एका मुलीने आपल्या आजीचे आणि बहिणीचे चित्र घेतले आहे, आणि त्यांच्याजवळ मेलेल्या चुलतभावाची तसबीर आहे. बाहेरच्या छायाचित्रकाराने ती आजी टिपली असती, तर तो सुरकुत्यांपाशी थांबला असता. मुलीला ठाऊक होते, की घरातला एक माणूस येथे कमी आहे आणि कुटुंबाच्या चित्रात तो आला पाहिजे. आपल्याकडे घरी मंगलकार्य निघाले असता, गेलेल्या आजोबांच्या तसबिरीला हार घालून ती दिसेल अशी ठेवतात. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना ह्या मुलीची समज समजावून सांगावी लागणार नाही.

दुसऱ्या एका फोटोत एक मुलगा आपल्या म्हाताऱ्या घोड्याच्या पाठीवर उताणा पडला आहे. घोडा स्वस्थ उभा आहे. बस्स, इतकेच. त्यात दारिद्र्य शोधावयाचे म्हटले तर सापडेल. पण चित्र सांगते आहे ते घोड्याचे आणि मुलाचे परस्परांवर किती अवलंबून राहणे आहे, ते.

मग स्वप्नांचा विषय आला आणि सारेच पालटले. एका मुलाने झाडाच्या बेचक्यात मान टाकून पडलेल्या सवंगड्याचा फोटो काढला. आपण आपल्या जिवलग मित्राला मारले असे त्याला स्वप्न पडले होते. एका मुलीने आपल्या भावांना परग्रहावरचे प्राणी बनवले. कधी स्वतःच प्रसिद्ध गायिका डॉली पार्टन होऊन भिंगापुढे उभी राहिली, कधी आकाशाकडे हात उंचावून ताऱ्याला शिवू लागली. आता ह्याला जीवनाची नोंद म्हणावे काय? साहेबांच्या आठ खंडांत कुणाचे स्वप्न नाही. दारिद्र्याच्या फोटोंतही नाही. बाहेरून येणाऱ्याला स्वप्न दिसूच शकत नाही, ते आतल्यालाच मांडावे लागते. खेड्यातील मुलाने आपल्या आयुष्याची नोंद करावी असे आपण म्हणतो, तेव्हा चूल, विहीर, गोठा, बैल ह्यांची यादी आपल्या डोळ्यांपुढे असते. त्या मुलांनी दाखवले, की मध्यरात्री दचकून उठणे हेही त्यांच्याच आयुष्यात येते. आमच्या मते ह्या सगळ्या प्रयोगाने जगाला दिलेली नवी गोष्ट ती हीच होय.

तथापि येथे थांबून टाळ्या वाजवणे बरे नाही. काही शंका आहेत आणि त्या रास्त आहेत. विषय कोणी दिले? बाईंनी. शेकडो फोटोंतून पुस्तकासाठी कोणते घेतले, हेही मोठ्यांनीच ठरवले. पुस्तकात प्रत्येक चित्राखाली मुलाचे नाव आहे, ही गोष्ट मोलाची. 'द पीपल ऑफ इंडिया'त जात होती, नाव क्वचितच होते. परंतु १९९२ साली मॅकआर्थर फाउंडेशनची मानाची शिष्यवृत्ती मिळाली ती बाईंना, आणि १९९७ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात कलावंत म्हणून नाव लागले तेही बाईंचेच. ह्यात त्यांचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी आपली वाट सोडून मुलांच्या वाटेला जागा करून दिली, ह्यालाच पुढे कला म्हटले गेले. तरी पण मूल काढते आणि जग बाईंना ओळखते, ही गाठ सुटलेली नाही. शिवाय शहरातला प्रेक्षक तोच जुना राहिला. बेचक्यात पडलेल्या मुलाचा फोटो पाहून, डोंगरातली ही माणसे लहानपणापासूनच मारामारीची, असे म्हणणारा कुणी निघणारच. चित्र कुणी काढले ह्याने चित्राचा अर्थ बदलतो. पण ज्याला ते वाचावयाचे नाही त्याच्यापुढे कुणाचाच इलाज चालत नाही.

केंटकीनंतर बाई पुष्कळ हिंडल्या. १९८२ साली त्या कोलंबियातील राकिरा ह्या कुंभारकामाबद्दल प्रसिद्ध असलेल्या गावी गेल्या, आणि १९८९ मध्ये आपल्या शेजारी, गुजरातमधील विच्या नावाच्या खेड्यात आल्या. ह्या कामाचे पुस्तक १९९६ साली निघाले. त्याच्या नावाचा अर्थ असा, की मला स्वप्न पडले, माझ्या खिशात एक मुलगी होती. पुन्हा स्वप्नच. आम्हांला ह्या विच्याच्या प्रयोगाविषयी विशेष कुतूहल आहे, कारण येथे अडचण निराळी. केंटकीत मुलाला बाहेरच्यांच्या नजरेशी झगडावे लागले. आपल्याकडच्या खेड्यात खालच्या आळीचे पोर कॅमेरा घेऊन वरच्या आळीत शिरले, तर नजर गावातलीच असते. कोणाच्या ओसरीवर कोणी चढावे हे जेथे ठरलेले आहे, तेथे कोणाचा फोटो कोणी काढावा हेही न बोलता ठरलेलेच असते. मुलीच्या हाती कॅमेरा आला तर प्रश्न आणखी एका पायरीने वर जातो. मुक्ता साळवेंच्या निबंधाला जेवढे धैर्य लागले, त्याहून फार कमी धैर्य ह्याला लागत असेल असे वाटत नाही. कारण निबंध घरात बसून लिहिता येतो, फोटोसाठी रस्त्यावर उभे राहावे लागते.

दरम्यान ही कल्पना इतरांनीही उचलली. स्वतः बाईंनी १९९० च्या सुमारास नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम येथे शाळांतून फोटोच्या द्वारे लिहिणे-वाचणे शिकवण्याचा क्रम सुरू केला. चीनच्या युन्नान प्रांतात १९९२ साली ६२ ग्रामीण स्त्रियांना कॅमेरे देण्यात आले आणि त्यांची चित्रे अधिकाऱ्यांपुढे मांडली गेली; आई शेतावर गेली असता मूल कोणी सांभाळायचे, असले प्रश्न अहवालांपेक्षा त्या चित्रांतून लवकर पोहोचले. त्या पद्धतीला पुढे 'फोटोव्हॉइस' असे नाव मिळाले आणि ती जगभर पसरली. पसरली म्हणजे थोडी पातळही झाली. दोन दिवसांचे शिबिर, वीस कॅमेरे, शेवटी प्रदर्शन आणि पाहुण्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन, असे रूप तिला पुष्कळ ठिकाणी येते. लेचर काउंटीत बाई सात वर्षे राहिल्या, हे तेथे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

येथे कुणी श्रोता विचारील, की आता खेड्यातल्या पोराच्या हातीही मोबाइल आहे, दिवसाला पन्नास फोटो निघतात. शिकवण्यासारखे उरले काय? प्रश्न बिनतोड दिसतो. पण इन्स्टामॅटिकचे बटण दाबणेही काही अवघड नव्हते, ते बाईंनी एका तासात शिकवले असेल. उरलेला वेळ गेला तो काय दाखवायचे आणि का, हे ठरवण्यात, काढलेल्या फोटोंसमोर बसून राहण्यात, आणि त्यांविषयी लिहिण्यात. फिल्मच्या डबीत बारा नाहीतर वीस चित्रे असत. दर चित्रामागे पैसे पडत. म्हणून मूल बटण दाबण्यापूर्वी क्षणभर थांबे. आज तो थांबा यंत्रात उरलेला नाही. तो शिक्षकाला वर्गात निर्माण करावा लागेल. आणखी असे, की मोबाइलमधल्या चित्राची प्रत कुणी काढीत नाही. आमच्या परिचयाच्या एका घरात मुलाच्या पहिल्या पाच वर्षांचे फोटो फोनबरोबरच गेले. आजीच्या लग्नातला, कडा कुरतडलेला फोटो मात्र भिंतीवर शाबूत आहे.

लेचर काउंटीतली ती मुले आता उतारवयाला लागली आहेत. बाईंनी त्यांना पुन्हा शोधून काढले, आणि २०२० साली त्यांच्यावर एक माहितीपट पुरा झाला. त्यांचे लहानपणचे फोटो आणि आजचे चेहरे त्यात शेजारी येतात. त्याचे दिग्दर्शन बाईंबरोबर एलिझाबेथ बॅरेट ह्यांनी केले आहे. ह्या बॅरेटबाई त्याच डोंगरांत वाढलेल्या, ॲपलशॉपच्या. आणि ओकॉनरच्या खुनावर २००० साली 'स्ट्रेंजर विथ अ कॅमेरा' हा माहितीपट काढला तोही त्यांनीच. त्या माहितीपटात त्यांनी आयसनला राक्षस केले नाही आणि ओकॉनरला हुतात्मा केले नाही. मी स्वतः कॅमेरा घेऊन माझ्याच लोकांसमोर उभी राहते तेव्हा मी कोण, हा प्रश्न त्यांनी आपल्यालाच विचारला. एकाच बाईने दोन्ही कहाण्या सांगाव्यात, कॅमेरेवाल्यावर झाडलेल्या गोळीची आणि मुलांच्या हातच्या कॅमेऱ्याची, हे आम्हांला योगायोगापेक्षा अधिक वाटते. त्या मुलखात ह्या दोन कहाण्या वेगळ्या नाहीतच.

२८ जुलै २०२२ रोजी पूर्व केंटकीत महापूर आला. व्हाइट्सबर्गमधून वाहणारी नदी ॲपलशॉपच्या इमारतीत शिरली आणि पन्नासएक वर्षे जमवलेल्या फिती, ध्वनिमुद्रणे, निगेटिव्ह आणि कागद गाळात बुडाले. पाणी ओसरल्यावर माणसे चिखलात उतरली. ज्यांची स्वतःची घरे भिजली होती त्यांतलेही काही होते. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी ज्या काउंटीत माणसाने कॅमेऱ्याचे तोंड पाहून पिस्तूल काढले होते, तेथे लोक हातांनी गाळ उपसून फितींचे डबे बाहेर काढीत होते, त्यांवरची चिकटलेली माती पुसून कुणाचे नाव वाचता येते का ते पाहत होते.